नेरचा सारा कुणाच्या तिजोरीत?

अमरावतीहून यवतमाळकडे निघालेली एस.टी. नांदगाव खंडेश्वर मागे टाकते आणि थोड्या वेळाने नेरला येऊन थांबते. महाराष्ट्रात नेर नावाची गावे एकाहून अधिक आहेत. धुळ्याकडे पांझरेकाठी एक आहे, मोर्शी तालुक्यातले नेर पिंगळाई तर अमरावती जिल्ह्यातच आहे. घोटाळा टाळण्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावाला नेर परसोपंत म्हणतात आणि नगर परिषद आपले नाव नेर-नबाबपूर असे लावते. एकाच गावाला एक पंत चिकटलेला आणि एक नबाबही. वऱ्हाडावर एके काळी मराठे आणि निजाम अशा दोघांचा अंमल होता, हे ठाऊक असणाऱ्याला त्यावरून काही अनुमान काढण्याचा मोह होईल. पण गावांच्या नावांवरून इतिहास रचणे हा आपल्याकडचा जुना छंद आहे आणि तो फारसा विश्वासार्ह नाही. तेव्हा तो मोह इथेच सोडू.

शाळेच्या नागरिकशास्त्रात देशाची विभागणी सरळसोट असते. देशात राज्ये, राज्यात विभाग, विभागात जिल्हे, जिल्ह्यात तालुके, तालुक्यात गावे. परीक्षेपुरते हे ठीक आहे. हे थर आले कुठून, अमुक गाव तमुकच राज्यात का, सरहद्द नदीवरच का थांबली, हे मात्र या उतरंडीतून कळत नाही. राजधानीकडे पाहूनही कळत नाही, कारण राजधान्या बदलतात. माझ्या मते प्रांत समजून घ्यायचा असेल तर शेतसाऱ्याचा माग काढावा. तो कोण ठरवतो, कोण गोळा करतो आणि शेवटी कुणाच्या तिजोरीत पडतो, एवढे पाहिले की प्रांताचा नकाशा आपोआप उलगडत जातो. नेर या कामाला उत्तम आहे, कारण त्या भागाचा सारा गेल्या चारशे वर्षांत फारच फिरला आहे.

आधी जमीन पाहू. वऱ्हाडच्या उत्तरेला सातपुडा आहे, म्हणजे मेळघाट. त्याच्या पायथ्याशी पूर्णेचे सखल, काळ्याभोर मातीचे खोरे आहे. त्याला पयनघाट म्हणत. खोऱ्याच्या दक्षिणेला पुन्हा चढ लागतो आणि अजिंठ्याच्या रांगेचे पठार सुरू होते, तो बालाघाट. नेर या वरच्या अंगाला आहे. पूर्णाकाठची खोल माती इथे सगळीकडे नाही. कुठे भारी रान, कुठे लगेच मुरूम. तरी पऱ्हाटी होते, तूर होते आणि अलीकडे सोयाबीनने बरेच रान व्यापले आहे. बेंबळेला मिळणारे पाणी वर्धेत जाते, दारव्ह्याकडचे पाणी अडाण नदीवाटे पैनगंगेला जाते. वर्धा आणि पैनगंगा वणीच्या बाजूला एकमेकींना भेटतात आणि पुढे सगळेच पाणी गोदावरीच्या वाटेला लागते. या दोन नद्याच वऱ्हाडच्या पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या सरहद्दी. पश्चिमेला मात्र निसर्गाने हात आखडता घेतला आहे. मलकापूरकडून खानदेशात कधी शिरलो ते प्रवाशाला कळतही नाही.

ही चौकट पक्की वाटते, पण तीही कायमची नव्हती. अकबराच्या फौजांना अहमदनगरच्या चांदबिबीकडून १५९६ साली वऱ्हाड मिळाला. 'ऐन-ए-अकबरी'त या सुभ्याची १६ सरकारे नोंदवली आहेत. सरकार म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा महसुली भाग आणि त्याच्या पोटात परगणे. त्या यादीत गाविलगड, नरनाळा, कळंब, वाशीम, मेहकर आहेत. पण माहूर आहे, पाथरी आहे आणि आज मध्य प्रदेशात असलेला खेरलाही आहे. म्हणजे मोगलांचा वऱ्हाड पैनगंगा ओलांडून पार मराठवाड्यात उतरला होता. ती नदी सरहद्द व्हायला अजून अडीचशे वर्षे लागणार होती. परगण्याचा वसूल देशमुख पाहत, हिशेब देशपांडे ठेवत. गावात पाटील आणि पांड्या. बादशहा कोण, हे गावाला बहुधा नंतर कळत असे. पांड्याच्या दप्तरात किती लिहिले आहे, ते आधी.

१७२४ मध्ये साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि वऱ्हाड निजामाकडे गेला. कागदावर गेला, असे म्हणणे बरे. कारण पुढे नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी इथे आपला हक्क बसवला. मग जे चालले त्याला दोअमली म्हणतात. एकाच गावाचा वसूल दोन सरकारांत वाटला जाई. चौथाई, सरदेशमुखी आणि इतर बाबी धरून भोसल्यांचा वाटा साठाच्या घरात आणि निजामाचा चाळिसाच्या, असा ढोबळ हिशेब वऱ्हाडच्या इतिहासात सांगितला जातो. दोन्हीकडचे अंमलदार वेगळे, शिबंदी वेगळी. दोघांनाही त्याच शेतातून घ्यायचे. राज्यशास्त्राच्या पुस्तकात सार्वभौमत्व अविभाज्य असते. वऱ्हाडात त्याचे टक्के पडले होते.

हा कारभार १८०३ मध्ये मोडला. नोव्हेंबरच्या अखेरीस इंग्रज आणि भोसले यांच्यात अडगावची लढाई झाली, डिसेंबरच्या मध्यास गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडला. इंग्रजांनी तो आपल्या मित्राला, निजामाला, दिला. नरनाळा आणि गाविलगडाभोवतीचा जो भाग भोसल्यांकडे राहिला होता, तोही १८२२ च्या तहाने गेला. त्या तहापासून वर्धा नदी ही पक्की सरहद्द झाली. आजही नागपूर आणि अमरावती विभागांमधली सीमा बऱ्याच लांबीवर तिच्याच पात्रातून जाते.

निजामाच्या हाती एकहाती सत्ता आली खरी, पण त्याने वसूल ठेक्याने दिला. बोली लावणारा आगाऊ पैसा भरी आणि मग रयतेकडून तो कसा काढायचा ते त्याचे तो पाही. पुरणमल या सावकाराचे नाव या ठेकेदारांत येते आणि पेस्तनजींच्या पारशी पेढीचेही. पेस्तनजींनी कापसाच्या व्यापारातही पैसा घातला होता. हैदराबाद सरकार या पेढ्यांच्या कर्जात बुडत गेले. दुसरीकडे इंग्रजांच्या तालमीतली, पण निजामाच्या पैशावर पोसलेली 'हैदराबाद कंटिंजंट' फौज होती आणि तिचा पगार थकत होता. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात थकबाकी ४० लाखांच्या वर गेली. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रदेश इंग्रजांच्या हवाली केले. हवाली, म्हणजे दिले नाहीत. मालकी निजामाची, कारभार कंपनीचा. खर्च भागून उरेल ते हैदराबादला परत करायचे.

१८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत गेले, निजामाचे ५० लाखांचे कर्ज माफ झाले, वऱ्हाड मात्र अडकला तो अडकलाच. शिवाय नव्या तहात एक कलम असे घातले की जमाखर्चाचा हिशेब निजामाने मागायचा नाही. शिल्लक राहिली तर मिळेल. शिल्लक किती, हे ज्याच्या हातात वही तोच सांगणार! पुढच्या चार-पाच वर्षांत अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरला कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. असा प्रांत कोण परत करणार? हैदराबादचा दिवाण सालारजंग याने तो परत मिळावा म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली, त्यासाठी तो १८७६ मध्ये विलायतेला जाऊन आला. हाती काही लागले नाही. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने निजाम महबूब अली खान यांच्याशी नवा करार केला. वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहील आणि निजामाला वर्षाला २५ लाख रुपये खंड मिळेल. इंग्रजांनी हाँगकाँगलगतचा मुलूख चीनकडून १८९८ साली ९९ वर्षांच्या मुदतीने घेतला होता. वऱ्हाडच्या पट्ट्याला मुदतच ठेवली नाही. पट्टा आणि खरेदीखत यांत मग फरक काय उरला? एवढाच, की दर वर्षी २५ लाख मोजताना मालक वेगळा आहे याची आठवण राहायची.

या मधल्या पन्नास वर्षांत नेरच्या शेतकऱ्याच्या दारात काय बदलले? बरेच. ठेकेदार गेला आणि साखळी घेऊन मोजणीदार आला. १८६० च्या दशकापासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर शेतन्‌शेत मोजले गेले, प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर पडला आणि त्या नंबरावर तीस वर्षांसाठी सारा ठरला. खातेदार थेट सरकारला देणे लागे. ही रयतवारी. देशमुख-देशपांड्यांचे वसुलीचे काम संपले, त्यांच्या हाती मान आणि काही नेमणूक राहिली. गावपातळीवर पाटील आणि पटवारी उरले.

आता वर्धा नदी ओलांडून पुलगावला जा. तिथे, म्हणजे १८६१ साली स्थापन झालेल्या मध्य प्रांतात, त्याच इंग्रजांनी त्याच दशकात उलटी रीत बसवली. तिथे गावाचा सारा एका मालगुजाराकडून घ्यायचा आणि गावच्या जमिनीवर मालकी हक्कही त्यालाच द्यायचा. शेतकरी त्याचे कूळ. एकच भाषा, एकच कापूस, एकच ऊन, मधे नदी. पलीकडे मालगुजाराचा वाडा, अलीकडे पटवाऱ्याचे दप्तर. वऱ्हाड आणि नागपूरकडचा भाग यांच्यात स्वभावाचा फरक आहे असे लोक गमतीने सांगतात, वऱ्हाडी माणूस तोंडाने फटकळ असतो वगैरे. तो फरक रक्तात शोधण्यापेक्षा सारावसुलीच्या या दोन पद्धतींत शोधावा, असे मला वाटते. ज्याला मधला धनी नाही त्याचा आवाज थोडा मोठा असायचाच. मालगुजारी कायद्याने संपली ती १९५१ मध्ये.

वऱ्हाडातही सगळी रयतवारी निर्भेळ नव्हती. यवतमाळच्या बाजूला पडीत, झाडीने वेढलेली गावे पुष्कळ होती. ती वसवण्यासाठी १८६५ च्या नियमांनी अख्खी गावे इजाऱ्याने देण्यात आली. ज्याने लागवड वाढवली त्याला पुढे मालकीसारखे हक्क मिळाले. जिल्ह्यात काही गावांच्या नावांपुढे 'इजारा' हा शब्द अजून लागतो, तो त्याच व्यवहाराचा.

जिल्हाही याच धांदलीत जन्मला. १८६४ च्या सुमारास वऱ्हाडच्या आग्नेय भागाचा वेगळा जिल्हा काढला. त्याचे नाव पुढे वणी पडले, मात्र कचेरी यवतमाळला. जिल्हा एका गावाच्या नावाने आणि साहेब दुसऱ्या गावात, हे बरीच वर्षे चालले. १९०३ च्या ऑक्टोबरात वऱ्हाड मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरकडे सोपवला गेला, म्हणजे कारभाराची दोरी हैदराबादच्या रेसिडेंटकडून नागपूरला आली. १९०५ मध्ये फेरमांडणी झाली. सहा जिल्ह्यांचे चार झाले. एलिचपूर अमरावतीत मिसळला, वाशीम जिल्हा मोडून त्याचा पुसद तालुका यवतमाळला जोडला आणि वणी जिल्ह्याचे नाव बदलून यवतमाळ केले. पाच तालुके होते: यवतमाळ, दारव्हा, केळापूर, वणी, पुसद. नेर दारव्हा तालुक्यात. आज त्या पाचांचे सोळा झाले आहेत आणि नेर स्वतःच तालुक्याचे ठिकाण आहे.

कारभार एका छत्राखाली आला तरी वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थान नव्हता, परमुलूख होता. दिल्लीत किंवा नागपुरात झालेला कायदा इथे आपोआप लागू होत नसे. गव्हर्नर जनरलने स्वतंत्र अधिसूचना काढून तो वऱ्हाडला लावावा लागे. याचे सर्वांत मजेदार रूप १९१९ च्या सुधारणांनंतर दिसले. वऱ्हाडातले मतदार नागपूरच्या कौन्सिलसाठी आपले प्रतिनिधी निवडून देत. पण परमुलखातून निवडून आलेला माणूस ब्रिटिश प्रांताचा आमदार कसा होणार? त्यावर तोड अशी काढली, की निवडून आलेल्यांचीच गव्हर्नरने नेमणूक करायची. निवडणूक व्हायची आणि मग निकालाला नेमणुकीचा शेरा मिळायचा. वकिली डोक्याला याहून सुरेख कोडे सापडणे कठीण.

पैशाचा वादही होताच. कापसामुळे वऱ्हाडचा वसूल भरघोस. डोंगर-जंगलाचा मध्य प्रांत त्या मानाने गरीब. आमच्या पैशावर नर्मदेकाठचे रस्ते होतात, ही वऱ्हाडी पुढाऱ्यांची कायमची तक्रार होती. शेवटी दोन्ही भागांच्या खर्चाची विभागणी करणारे 'सिम सूत्र' निघाले. एका प्रांताच्या अंदाजपत्रकात दोन कप्पे. अनुशेष, समन्यायी वाटप हे आज ऐकू येणारे शब्द तेव्हा नव्हते, भांडण मात्र हेच होते. फक्त तेव्हा वऱ्हाड देणाऱ्याच्या बाजूला होता.

१९३५ च्या कायद्याने 'मध्य प्रांत व वऱ्हाड' हा एक गव्हर्नरी प्रांत झाला. १९४७ साली अखंड हिंदुस्थानात असे ११ प्रांत होते, त्यांतला हा एक. त्यासाठी १९३६ च्या ऑक्टोबरात निजामाशी पुन्हा करार करावा लागला. त्याचा नाममात्र हक्क मान्य झाला, २५ लाख चालू राहिले, युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला आणि वऱ्हाडात युनियन जॅकबरोबर निजामाचा झेंडा लावण्याची मुभा मिळाली. पुढच्याच वर्षी निवडणुका होऊन नागपुरात ना. भा. खरे यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. म्हणजे यवतमाळच्या कचेरीवर दोन राजांचे झेंडे असू शकत होते आणि कारभार या दोघांनाही न मानणाऱ्या पक्षाकडे होता.

इंग्रज जाणार हे ठरले, तेव्हा हा नाममात्र हक्क एकाएकी धोक्याचा वाटू लागला. करार इंग्रजांशी होता. ते गेले की वऱ्हाड पुन्हा मोगलाईत जाणार काय? पैनगंगेपलीकडच्या निजामी मुलखाला वऱ्हाडात मोगलाईच म्हणत. ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार या धास्तीच्या छायेत झाला. पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत ठेवून मराठी भाषकांनी एकत्र यावे, अशी त्याची कल्पना होती. ती कागदावर राहिली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानाचाच निकाल लागला आणि निजामाच्या हक्काचा प्रश्न मिटला. १९५० मध्ये नेर मध्य प्रदेशात गेले. त्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती, हे आज सांगितले तर पोरांना खरे वाटत नाही.

पुढचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो, तो झपाट्याने सांगतो. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेसाठीच्या फाजल अली आयोगाची आठ जिल्ह्यांच्या वेगळ्या विदर्भाची शिफारस, जिच्या बाजूने यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे उभे होते. ती न स्वीकारता १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र. १८५३ पासून मोजले तर हैदराबाद, नागपूर आणि मुंबई अशा तीन राजधान्यांशी नेरचा कागदोपत्री संबंध आला.

गावच्या दृष्टीने मात्र १९६० पेक्षा १९६२ मोठे, असे मी म्हणेन. तोवर विदर्भात तालुक्याचा स्थानिक कारभार जनपद सभा पाहत होत्या. त्या जुन्या मध्य प्रांताच्या १९४८ च्या कायद्यातून आल्या होत्या. नव्या राज्यात मुंबई, मराठवाडा आणि विदर्भ अशा तीन घरच्या तीन रीती झाल्या. त्या एका मापात बसवण्यासाठी महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, म्हणजे याच जिल्ह्याचे, आणि त्यांनी मध्य प्रदेश सरकारातही काम केले होते. जनपदे आतून पाहिलेला माणूस म्हणून ही निवड अर्थपूर्ण होती. समितीने तालुक्याऐवजी जिल्हा हा मुख्य घटक धरला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, गावरस्ते जिल्हा परिषदेकडे. जमीन आणि सारा कलेक्टर-तहसीलदारांकडे. नेरला आज तहसील कचेरी आणि पंचायत समिती अशी दोन दारे आहेत. शेतकऱ्याला कुठल्या कामाला कुठले दार, हे विचारत फिरावे लागते, त्याचे मूळ या वाटणीत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ साली आली आणि मुंबईकडचा सात-बारा वऱ्हाडातही रूढ झाला. पटवाऱ्याचा सरकारी हुद्दा तलाठी झाला. गावातला म्हातारा अजून पटवारीच म्हणतो.

शेतसारा आता राज्याच्या उत्पन्नात नगण्य आहे. त्याची जागा विकासनिधीने घेतली आणि भांडणाची दिशा उलटली. १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने विभागवार अनुशेष मोजला, संविधानाच्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये विदर्भासाठी वैधानिक विकास मंडळ आले आणि एप्रिल २०२० मध्ये त्याची मुदत संपली. जो वऱ्हाड आपला पैसा बाहेर जातो म्हणून तक्रार करी, तो आता पैसा येत नाही म्हणून करतो. विदर्भ वेगळा हवा की नको, यावर दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलले जाते. हे शंभर वर्षांचे जमाखर्च मात्र क्वचितच कुणी उघडून पाहतो.

जुना वऱ्हाड नकाशावरून पुसला गेला असे वाटेल, पण अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अखत्यारीतले जिल्हे मोजा. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि १९९८ मध्ये अकोल्यातून निघालेला वाशीम. १९०५ चा वऱ्हाड जवळजवळ जसाच्या तसा. महसुलाच्या रेषा इतक्या चिवट असतात.

मतांच्या रेषा तशा नाहीत. नेर तालुका विधानसभेला दिग्रस मतदारसंघात येतो आणि लोकसभेला यवतमाळ-वाशीममध्ये. त्याच जिल्ह्यातले वणी आणि आर्णी चंद्रपूरला जोडले आहेत, म्हणजे वर्धेपलीकडे, जुन्या मालगुजारी मुलखात. आणि उमरखेडचे मतदार पैनगंगेपलीकडच्या हदगाव, किनवट, कळमनुरीच्या मतदारांबरोबर हिंगोलीचा खासदार निवडतात. १८५३ नंतर जवळजवळ शंभर वर्षे ती नदी ओलांडली की मोगलाई लागत असे.